किट कोणाकडे?

ऑफिसची क्रिकेट टीम काढायची म्हटलं की पहिल्या मीटिंगला तेवीस जण येतात. नऊ ऑलराउंडर, सहा ‘कॉलेजात खेळायचो’वाले, चार आपापल्या एरियात टेनिस बॉल क्रिकेटवर फेमस, दोन ओपनिंग मिळाली तरच खेळणारे, एक जण प्रिंटरचा कागद शोधत आत आलेला आणि एकाला वाटलेलं असतं की केक कापतायत. विकेटकीपर मात्र एकही नसतो. पहिली दोन वर्षं कीपर कोण, हे त्या रविवारी कुणाचे गुडघे दुखत नाहीयेत यावर ठरतं.

मुंबईत ऑफिस क्रिकेटची केवढी मोठी परंपरा आहे, हे त्या मीटिंगमध्ये कुणीतरी सांगतंच. ते खरंही आहे. टाइम्स शील्ड ही इथली ऑफिसांची स्पर्धा. बँका आणि कंपन्यांच्या टीमांतून कसोटी खेळाडू उतरायचे, गावसकर निर्लॉनकडून खेळायचे. फरक एवढाच, की त्यांना क्रिकेट येत होतं म्हणून नोकरी मिळायची आणि आपल्याला नोकरी आहे म्हणून क्रिकेट मिळतंय. तेव्हा शील्डबिल्ड तूर्त डोक्यातून काढावं आणि एका प्रश्नाकडे लक्ष द्यावं, तो म्हणजे किट कोणाकडे? ज्याच्याकडे किट तो टीमचा खरा मालक, आणि हमालही. कॅप्टन दर वर्षी बदलतो, किटवाला बदलत नाही. मी त्या जातीचा, म्हणून पुढचं सगळं अधिकारवाणीने लिहितोय.

आधी वर्गणी. ती सीझनच्या सुरुवातीला एकरकमी घ्यावी. दर मॅचला काढू म्हटलं की शून्यावर बाद झालेला माणूस पैसे देताना असं तोंड करतो की मागणाऱ्यालाच लाज वाटावी. शिवाय जिंकलेल्या मॅचची वसुली चांगली होते आणि पहिल्या वर्षी तो मार्ग जवळजवळ बंद असतो.

खरेदीला धोबी तलावला जावं. खेळाच्या सामानाची दुकानं तिथे एकाला लागून एक आहेत. दोघांनीच जावं आणि त्यांतला एक न खेळणारा असावा. खेळणारा माणूस दुकानात बॅट हातात घेतो, काचेत बघून एक कव्हर ड्राइव्ह मारतो आणि सगळी वर्गणी त्या एका फटक्यात सीमापार जाते.

पॅडच्या जोड्या किती घ्यायच्या, यावर सगळ्या टीमा पहिल्या वर्षी चुकतात. बॅटिंग दोघंच करतात, म्हणून दोन जोड्या आणतात. मग विकेट पडते. बाद झालेला सावकाश, मान हलवत, बॅटकडे संशयाने बघत परत येतो. बसतो. एका पॅडला तीन पट्टे, म्हणजे सहा पट्टे सोडतो. पुढचा ते सहा पट्टे बांधतो, ग्लोव्हज चढवतो, ते आतून घामाने ओले असल्याबद्दल दोन शब्द बोलतो आणि निघतो. कायद्याने नव्या बॅटरला तीन मिनिटांत चेंडू खेळायला तयार असावं लागतं, नाहीतर ‘टाइम्ड आउट’. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यात तर दोनच मिनिटं. २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये अँजेलो मॅथ्यूज असाच बाद दिला गेला, हेल्मेटचा पट्टा तुटला म्हणून. तिथे एक पट्टा होता. आपल्याकडे सहा सोडायचे आणि सहा बांधायचे. म्हणून चार जोड्या घ्याव्यात. दोन पिचवर, एक पुढच्याच्या पायात, आणि एक अशासाठी की आपल्या विकेट एकेक करून पडत नाहीत.

पॅड बांधताना पट्ट्याचं टोक पायाच्या बाहेरच्या बाजूला यायला हवं. उजवा-डावा अदलाबदल झाला की टोकं आतून येतात, एकमेकांना चिकटतात आणि तिसऱ्या रनला माणूस पिचच्या मधोमध आडवा होतो. ग्लोव्हजच्याही चार जोड्या, त्यांतली एक डावखुऱ्याची. ती कुणाला लागत नाही असं वाटतं, पण जॉइन होणारा प्रत्येक नवा मुलगा डावखुरा असतो. स्टंप सहा, बेल्स चार आणि वर दोन जादा. हेल्मेट दोन, त्यांतलं एक नीट बसलं पाहिजे, कारण दुसरं बसणारच नाही. पोटाखाली लावायचा गार्ड मात्र टीमच्या वर्गणीतून घेऊ नये. ही वस्तू ज्याची त्याने आणायची. याबाबतीत काटकसर करणारी टीम मैदानाबाहेरही एकमेकांच्या डोळ्याला डोळा भिडवू शकत नाही.

आता बॅट. काश्मीर विलो, म्हणजे काश्मिरी लाकडाची, घ्यावी. इंग्लिश विलो घेतली की ती टीमची राहत नाही, एका माणसाची होते आणि तो रविवारी आला नाही की तीही येत नाही. बॅट नवी कोरी घेऊन थेट मॅचला उतरणं हा गुन्हा आहे. कच्चं जवसाचं तेल कापडाच्या बोळ्यावर घेऊन समोरची बाजू, कडा आणि टोकाला पातळ हात द्यायचा. हँडलला नाही, हँडल जिथे पात्यात बसवलंय तिथेही नाही. तेल जास्त झालं तर लाकूड जड आणि मऊ पडतं. रात्रभर आडवी ठेवायची, भिंतीला टेकवून उभी नाही. मग लाकडी हातोडीने ठोकायची, आधी हलकी, मग हळूहळू जोरात. कडा तिरप्या ठोकून गोलसर करायच्या. हे काम चांगले चार-सहा तास चालतं. मुंबईच्या फ्लॅटमध्ये सलग सहा तास ठोकाठोक शक्य नसते. खालच्या मजल्यावरच्या काकू पहिल्या दहा मिनिटांत वर येतात आणि दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी. रोज पंधरा मिनिटं, तीही कुणाच्या तरी घरी लादी फुटत असताना, असं धोरण ठेवावं. आमच्या सोसायटीत कुणाचं ना कुणाचं रिनोव्हेशन चालूच असतं, त्याचा क्रिकेटला झालेला एवढा एकच फायदा. हे न करता उतरलात तर पहिलाच यॉर्कर बॅटच्या टोकाला चीर पाडतो, आणि मग ‘काश्मीर विलो असलीच’ असं ते लोक म्हणतात ज्यांनी वर्गणी दिलेली नसते.

पहिलं वर्ष टेनिस बॉलवर काढावं. खरं संकट दुसऱ्या वर्षी, सीझन बॉलवर, म्हणजे कातड्याच्या कडक बॉलवर जाताना येतं. पाच पूर्णांक एक द्वितीयांश ते पाच पूर्णांक तीन चतुर्थांश औंस, म्हणजे १५६ ते १६३ ग्रॅम, आणि त्यातला प्रत्येक ग्रॅम नडगीला मोजता येतो. टेनिसवरचा बॅटर पुढचा पाय बाजूला काढून, बॅट डोक्यामागून आणून आडवा हाणतो. टेनिस बॉल उसळून येतो, म्हणून ते जमतं. सीझन बॉल टप्पा पडल्यावर सरपटत आत येतो आणि मागे जे वाजतं ते ऐकून तो गृहस्थ पिचकडे रागाने बघतो. झेलांचंही तसंच. टेनिस बॉल उसळून हातातून निसटतो, म्हणून तो झडप घालून पकडायची सवय असते. सीझन बॉलला हात चेंडूबरोबर मागे न्यावे लागतात, कोपरं ढिली ठेवून. बोटं चेंडूकडे रोखली की त्यांतलं एक सुजतं. मग सोमवारी त्या बोटाने की-बोर्ड चालत नाही आणि त्या डिपार्टमेंटचा हेड विचारतो, ही टीम नक्की कुणाच्या परवानगीने सुरू झाली? प्रॅक्टिसला टू-पीस, म्हणजे कातड्याचे दोन तुकडे शिवलेला, आणि मॅचला चार तुकड्यांचा फोर-पीस बॉल घ्यावा. टू-पीस स्वस्त असतो, पण लवकर आकार सोडतो आणि मग आपल्या मध्यमगती बॉलरला वाटायला लागतं की आपण स्विंग करतोय.

टी-शर्टबद्दल थोडक्यात: तेंडुलकर, धोनी, कोहली आणि रोहितचे १०, ७, १८ आणि ४५ हे नंबर कुणालाच देऊ नयेत.

मॅच रविवारी असते आणि रविवारी मेगाब्लॉक असतो. टीम निवडायच्या आधी ब्लॉक कुठे आहे ते बघावं. आमची निवड समिती म्हणजे रेल्वेच. मध्य रेल्वेवर माटुंगा ते मुलुंड स्लो लाइनला ब्लॉक असला की स्लो गाड्या फास्ट ट्रॅकवरून जातात, आणि विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूरला फास्टचा प्लॅटफॉर्मच नाही. त्या दिवशी कांजूरचा ओपनर आणि नाहूरचा स्पिनर हे रेल्वेने बाद केलेले खेळाडू समजावेत. ब्लॉक साधारण अकराच्या सुमाराला सुरू होऊन दुपारी साडेतीन-चारपर्यंत चालतो. म्हणून सकाळी नऊच्या मॅचला लोक पोचतात आणि परतीच्या वाटेवर किट घेऊन अडकतात. दुपारच्या मॅचला टॉस जिंकणाऱ्या कॅप्टनने आधी माणसं मोजावीत आणि मग निर्णय सांगावा. सात असले तर बॅटिंग. उरलेले चार कुठल्या स्टेशनवर आहेत यावर बॅटिंग ऑर्डर.

वीसेक किलोची किटबॅग लगेजच्या डब्यातूनच न्यावी. तिथे टोपल्या असतात, पोती असतात, किटकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. साध्या डब्यात मात्र चौथ्या सीटवरचे काका दादर येईपर्यंत विचारतात, ‘हे काय, पेटी वगैरे आहे का?’ आणि भजन सुरू व्हायची वाट बघतात.

आझाद मैदानावर बावीस पिचेस आहेत. १९८८ साली तेंडुलकर आणि कांबळी यांनी शाळेच्या मॅचमध्ये इथेच ६६४ ची अभेद्य भागीदारी केली, हे नव्या माणसाला सीएसएमटीपासून चालत येतानाच सांगितलं जातं. त्याने त्याच्यावर दडपण येतं आणि दुसरं काही होत नाही. मैदानं एकमेकांत घुसलेली असल्यामुळे आपला मिड-ऑन शेजारच्या मॅचच्या फाइन लेगला पाठ लावून उभा असतो. दोघांची ओळख होते, पगार विचारून होतात, आणि दोघांच्याही पायांतून चौकार जातो. मागून ‘बॉSSल’ अशी आरोळी आली की वळून बघायचं नाही. डोक्यावर हात घेऊन खाली बसायचं, बघणं नंतर. नवशिके वळून बघतात, म्हणून पहिल्या वर्षी किटमध्ये एक बर्फाची पिशवी असावी. ती विसरली तर सरबतवाल्याकडून बर्फ घेऊन रुमालात गुंडाळावा. माळ्याशी मात्र कायम गोड बोलावं. पाणी कधी मारलं, रोलर किती फिरला, कुठल्या टोकाला खड्डा आहे हे त्या एकट्यालाच माहीत असतं. क्रीजची फक्कीसुद्धा त्याच्याच डब्यात असते.

साहेबांना खेळायचं असेल तर चौथा नंबर द्यावा. पॅड बांधून बसायला पुरेसा वेळ मिळतो आणि उन्हं चढायच्या आत परत येता येतं. फिल्डिंगला त्यांना पॉइंटला, म्हणजे चेंडू जोरात येतो तिथे, ठेवू नये. एखाद्या बॅटरच्या मांडीचा स्नायू धरला तर रनर, म्हणजे त्याच्या वतीने पळणारा, मागून घ्यावा. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून रनर २०११ मध्ये गेला, पण क्रिकेटचे कायदे करणाऱ्या एमसीसीच्या नियमांत तो आहे. फक्त तिघांतले दोघंच पळणार, हे अंपायर, स्कोअरर आणि मुख्य म्हणजे त्या तिघांना आधी समजावून सांगावं.

स्कोअर लिहायला अकाउंट्सचा माणूस बसवावा असा सार्वत्रिक गैरसमज आहे. ताळा सोपा असतो: बॅटर्सच्या धावांत वाइड आणि नो बॉल मिळवले की ती बेरीज बॉलर्सच्या खात्यावरच्या धावांइतकी यायला हवी. त्यात बाय आणि लेग बाय मिळवले की टीमचा एकूण स्कोअर. हे कधीही जमत नाही. कारण वाइड गेला त्या क्षणी चहा आलेला असतो. दुसरा कुणी असता तर त्याने खाडाखोड करून विषय मिटवला असता. अकाउंट्सचा माणूस तीन धावांचा फरक सस्पेन्स अकाउंटला टाकतो आणि पुढच्या रविवारी त्या तीन धावांचं काय झालं म्हणून समोरच्या टीमला विचारतो.

पावसात खेळायचा मोह टाळावा. कांगा लीग १९४८ पासून पावसाळ्यात ओल्या विकेटवर खेळली जाते, ते ठीक आहे. ती खेळता येणाऱ्यांची लीग आहे. आपल्याला कोरड्यावरच भागत नाही. ओला बॉल साबणाच्या वडीसारखा सुटतो, बॅट ओल्या मातीत टेकवली की टोक फुगतं आणि किटबॅग चेन लावून ठेवली तर चौथ्या दिवशी पॅडवर बुरशी येते. घरी आल्यावर बॅग पूर्ण रिकामी करायची. ग्लोव्हज उलटे करून पंख्याखाली, उन्हात नाही, कारण कातडं कडक होतं. पॅड उभे, बॅटी कोरड्या पुसून. म्हणजे रविवारी रात्री हॉलमध्ये चार जोड्या पॅड उभे असतात आणि त्यांच्यामधून वाट काढत घरातली माणसं जेवायला बसतात. कुणी काही बोलत नाही. तो वास असा आहे की बोलायला तोंड उघडावंसं वाटत नाही.

मे अखेरीस सगळं बाहेर काढून मोजावं. ग्लोव्हजच्या तीन जोड्या आणि एक एकटा उजवा. डावखुऱ्याची जोडी लेबलासकट नवीन, कारण तो मुलगा डिसेंबरमध्येच नोकरी सोडून गेलेला असतो. एक गार्ड, ज्यावर कुणीच हक्क सांगत नाही. सहा स्टंप घेतले होते, सात निघतात. सातव्यावर निळा रंग आहे, तो शेजारच्या पिचवरचा असणार. बेल्स तीन.