शिट्टी शोधण्याचे साडेतीनशे रुपये

या महिन्याच्या मेंटेनन्सच्या बिलात पाणी, लिफ्ट, सिंकिंग फंड हे नेहमीचे आकडे होतेच. त्यांच्या खाली एक नवी ओळ होती : 'डक्टमधील शिट्टी शोधणे (प्लंबर व्हिजिट) – रु. ३५०/-'. ही ओळ फक्त माझ्याच बिलात होती. समोरच्यांचं बिल त्यांच्या दाराला अडकवलेलं असतं, ते पडेल म्हणून नीट करताना माझ्या सहज लक्षात आलं.

आवाज माझ्या घरातून येत होता, यात वाद नाही. पण ती शिट्टी नव्हती. ती १००० हर्ट्झची स्वच्छ साइन वेव्ह, म्हणजे एकच शुद्ध स्वर, होती. आणि तिचा शोध घ्यायला प्लंबर कशाला हवा होता? माझ्या दाराला बेल आहे, ती वाजते.

झालं असं, की मी व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असत त्या काचेच्या नळ्यांचा, कॉम्प्रेसर बनवतोय. फ्रिजचा नव्हे, पंक्चरवाल्याचाही नव्हे, आवाजाचा. गाणारा माणूस मुखडा पुटपुटतो आणि अंतऱ्याला माइक गिळतो. आवाज ठरावीक रेषेवर चढला की त्याला खाली ओढायचं आणि उतरला की अलगद सोडायचं, एवढंच या यंत्राचं काम. अमेरिकेत फेअरचाइल्ड कंपनीने १९५० च्या दशकाच्या शेवटी ६७० नावाचा असा खोका काढला. राइन नार्मा या मूळच्या एस्टोनियाच्या इंजिनिअरने तो रचला. आत २० व्हॉल्व्ह, वजन जवळजवळ ३० किलो. त्याचा मोनो भाऊ ६६० लंडनच्या, बीटल्सवाल्या, अ‍ॅबी रोड स्टुडिओत होता. आज चालू स्थितीतल्या ६७० चा भाव ऐकून आमच्या घरातून "एवढ्यात गाडी येते" असा अभिप्राय आला. येते. पण गाडीला सुई नसते, जी गाणं वर चढलं की मागे झुकते.

फेअरचाइल्डमधला ६३८६ हा व्हॉल्व्ह मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. म्हणून मी ईएफ८९ धरला. आपल्याकडच्या जुन्या व्हॉल्व्ह-रेडिओंत हा पुष्कळदा सापडतो. याच्या आतल्या जाळीचे वेढे मुद्दाम असमान अंतरावर घातलेले असतात, त्यामुळे जाळीवर ऋण विद्युत दाब वाढवत नेला की हा व्हॉल्व्ह एकदम बंद पडत नाही, हळूहळू मंदावतो. रेडिओत याचा उपयोग असा, की जवळचं आकाशवाणी केंद्र कानात बसू नये आणि शॉर्टवेव्हवरचं रेडिओ सिलोन समुद्राच्या लाटेसारखं खालीवर झालं तरी ऐकू यावं. म्हणजे ज्या काळात रेडिओ ठेवायला पोस्टात पैसे भरून परवाना काढावा लागे, त्या काळात लोकांच्या दिवाणखान्यात, क्रोशाच्या रुमालाखाली, आवाज सांभाळणारं हे तंत्र बसलेलं होतं आणि कोणी त्याला डक्टमधली शिट्टी म्हणत नव्हतं. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनत असत. आता बुधवार पेठेत व्हॉल्व्ह मागितला की काउंटरवरचा मुलगा आधी आपल्या वडिलांकडे पाहतो, वडील माळ्याकडे पाहतात आणि दोघे मिळून मला एलईडीची पट्टी दाखवतात.

शेवटी जुन्या बाजारात मिळाले. पोत्यात, दाराच्या कड्या आणि मिक्सरच्या भांड्यांच्या सोबतीला. मी विक्रेत्याला म्हटलं, "मला अगदी सारखे दोन हवेत."

त्याने दोन उचलून माझ्यापुढे धरले. "हे काय, सारखेच आहेत. दोन्ही काचेचे."

सारखे का हवेत, ते सांगतो. ज्यांना नको असेल त्यांनी पुढच्या परिच्छेदावर जावं, आमच्या घरचे जातातच. या सर्किटात दोन व्हॉल्व्ह समोरासमोर काम करतात. गाणं दोघांकडे उलटसुलट जातं, पण आवळण्याचा हुकूम, म्हणजे तो ऋण दाब, दोघांना एकदमच मिळतो. दोघे तंतोतंत सारखे असतील तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये तो हुकूम एकमेकांना खोडून काढतो आणि फक्त गाणं बाहेर पडतं. फरक असेल तर हुकूमही बाहेर पडतो. त्याचा आवाज 'धप्' असा येतो. प्रत्येक जोरकस स्वराच्या पोटात एक धप्. ती घालवायला पॉट, म्हणजे तोलाचं बटण, फिरवून दोघांचा तोल जुळवायचा. त्यासाठी आधी व्हॉल्व्ह अर्धा तास तापू द्यायचे, मग १००० हर्ट्झ आत सोडून १.२३ व्होल्टला सुई शून्यावर आणायची, मग तोच स्वर आधी हळू, मग अचानक मोठा, असा आलटून पालटून वाजवायचा. आणि धप् आहे की गेली, हे मीटर सांगत नाही. ते स्पीकर लावून कानानेच ऐकावं लागतं. माझी कार्यशाळा ड्राय बाल्कनीत आहे, कारण घरात इतरत्र सोल्डरिंगला बंदी आहे. ड्राय बाल्कनीची खिडकी डक्टमध्ये उघडते. डक्ट अकरा मजले आहे. बाकीचं तुमच्या लक्षात आलंच असेल.

बेल (हो, वाजते ती) वाजली तेव्हा दारात सोसायटीचा प्लंबर उभा होता. एका हातात पाना, दुसऱ्यात टॉर्च. मागे सेक्रेटरी. सेक्रेटरी कोणाच्या घरात पाऊल टाकत नाहीत, उंबऱ्याबाहेरूनच कारभार करतात. "यांच्याच लाइनीतून येतंय," त्यांनी बाहेरून निदान दिलं.

प्लंबर सरळ ड्राय बाल्कनीत गेला आणि वॉशिंग मशीनच्या नळाला कान लावून बसला. माझ्या टेबलाकडे त्याने पाहिलंही नाही. कूं… कुईंईं. त्याने नळ सोडला. कुईंईं. नळ बंद केला. कुईंईं. माळ्यावर चढून मेन कॉक बंद केला. कुईंईं.

"हवा धरलीय लाइनीनं," तो वरून म्हणाला.

मी स्वर काढणाऱ्या जनरेटरचं बटण दाबलं. शांतता पसरली. तो माळ्यावरून उतरला, पान्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय केलं साहेब?"

"मी बंद केला."

"कुठला कॉक?"

मी टेबलाकडे बोट दाखवलं. अ‍ॅल्युमिनियमचा उघडा चासी, त्यावर नारिंगी तापलेले व्हॉल्व्ह. तो इतका खूश झाला की पान्यासकट हात पुढे घेऊन आला. "अहो, लावू नका! अडीचशे व्होल्ट डीसी आहे!" मी किंचाळलो. उंबऱ्याबाहेरून सेक्रेटरींनी विचारलं, "गळती सापडली का?"

"गळती न्हाई," प्लंबर म्हणाला, "साहेबांचं प्रेशर जास्त हाय."

मग त्याने स्टूल ओढलं आणि विचारलं, "हे करतं काय पण?"

इथे थोडं थांबून सांगायला हवं, की हा प्रश्न मला यापूर्वीही विचारला गेलाय. इंजिनिअर मित्रांनी विचारलाय, मेहुण्याने विचारलाय, एका लग्नात सनईवाल्याच्या साउंडमननेही विचारलाय. प्रत्येकाला मी आलेख काढून दाखवलाय, आणि आलेखाच्या दुसऱ्या रेषेला प्रत्येकाला फोन आलाय. त्यामुळे यावेळी मी आलेख काढला नाही. म्हटलं, आवाज जास्त झाला की आवळतं, कमी झाला की सोडतं.

"म्हंजे पीआरव्ही, प्रेशर कमी करायचा व्हॉल्व्ह," तो म्हणाला.

मी म्हटलं, नाही, हे ऑडिओचं आहे.

"ते कळलं हो. पण पीआरव्हीच. टाकी कुठं, गच्चीत. दहा मीटर पाणी खाली आलं की एक किलो प्रेशर. खालच्या मजल्याला तीन-साडेतीन किलो बसतंय, गीझर फुटंल. म्हणून मधी पीआरव्ही. पुढचं प्रेशर बघतो आन् मागं आवळतो. तुमचं बी तसंच का? पुढचं बघून मागं आवळतं?"

माझं तसंच होतं. आउटपुटचा आवाज मोजायचा आणि त्यावरून इनपुटचे व्हॉल्व्ह आवळायचे, याला फीडबॅक पद्धत म्हणतात आणि फेअरचाइल्डही तसाच चालतो. हे समजायला मला जुन्या सर्किटांच्या झेरॉक्स घेऊन बरेच रविवार घालवावे लागले होते. हा माणूस एका वाक्यात तिथे पोचला, वर चहाही मागितला.

इथेच तो थांबला असता तर मी त्याला जन्मभर दुवा दिला असता. पण त्याने मला जनरेटर पुन्हा चालू करायला लावला, डोळे मिटले आणि विचारलं, "ह्यो धप् धप् कसला?"

"तेच तर घालवतोय."

"ठोकतंय तुमचं. नळ एकदम बंद केला की पाइप कसा ठोकतो, तसं. लई घाईनं आवळताय." मी त्याला सांगितलं की घाईनेच आवळावं लागतं, फेअरचाइल्ड सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत आवळतो आणि सोडायला मात्र आपल्या मर्जीनुसार ०.३ ते २५ सेकंद घेतो. त्याने ते ऐकून घेतलं. मग वाकून व्हॉल्व्हवरची पुसट अक्षरं टॉर्चने वाचली.

"ह्यो देशी दिसतोय. आन् ह्यो बाहेरचा."

मी गप्प.

"एका लाइनीला दोन मेकचे कॉक मी कधी बसवत न्हाई साहेब. कायम कटकट." आणि खिशातून टेफ्लॉन टेप काढून त्याने माझ्या इनपुटच्या पिनकडे पाहिलं. "हे बी सैलच लागतंय."

टेप मी लावू दिली नाही. काहीतरी मान राखायला हवा. जाता जाता त्याने स्वयंपाकघरातला नळ तपासला, वॉशर बदलला, त्याचे पैसे रोख घेतले, आणि सेक्रेटरींना खाली जाताना काय सांगितलं देव जाणे, पण संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली की 'सदस्यांनी घरात प्रेशरची कामे विनापरवानगी करू नयेत'. खाली चौदा अंगठे. त्यातला एक आमच्या घरातला.

आता मुद्दा साडेतीनशे रुपयांचा नाही. (आहे, पण नाही.) निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांतच लिहिलेली आहे. वरच्या मजल्यावर दिवाळीपासून फरशी फोडतायत, त्यांच्या बिलात 'धडधड शोधणे' अशी ओळ आली का? गणपतीत डॉल्बीच्या भिंती आमच्या गेटसमोरून जातात तेव्हा खिडक्यांच्या काचा तबल्याची साथ करतात. तेव्हा हेच सेक्रेटरी फेटा बांधून पुढे असतात. आणि गंमत बघा, त्या भिंतींच्या पोटातही कॉम्प्रेसर आणि लिमिटरच असतात. पण ते ज्याच्यासाठी वापरतात ते पाहून हे यंत्र बनवणाऱ्यांनी डोक्याला हात लावला असता. बारीक आवाज वर उचलायचा, मोठा छताला टेकवायचा, आणि मग सगळंच छताला. रील घ्या, जाहिरात घ्या, नव्या गाण्यांची मास्टरिंग घ्या, सारखीच बोंब. कुजबुज आणि किंकाळी यांच्यात फरकच उरला नाही. माणसं दमतात, त्यांना कळतही नाही कशाने दमलो, आणि मग म्हणतात, जुनी गाणी ऐकली की कसं शांत वाटतं. वाटणारच. त्यात श्वास घ्यायला जागा ठेवलेली होती. जाऊ दे, विषय निघाला की माझीच सुई मागे झुकते.

तोल जुळला एकदाचा. देशी-विदेशी जोडी मोडून एका मेकचे दोन लावल्यावर जुळला, ही बाब मी घराबाहेर बोललेलो नाही. संध्याकाळी सगळ्यांचे एसी लागले आणि व्होल्टेज उतरलं की तो पुन्हा किंचित सरकतो, पण निदान रात्री अकरानंतर जुळलेला असतो. मेहुण्याला बोलावून परीक्षा घेतली. तेच गाणं, एकदा कॉम्प्रेसरमधून, एकदा थेट. मोजून सारख्या मोठेपणावर.

"सारखंच वाटतंय की," मेहुणा म्हणाला.

चांगला कॉम्प्रेसर तोच, ज्याचं काम ऐकू येत नाही. तेव्हा ही स्तुतीच झाली. मी तसं त्याला समजावूनही सांगितलं. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "पण हे अ‍ॅपमध्ये फुकट असतं ना?" त्याला जेवायला वाढलं, कारण बहीण त्याला दिलेली आहे.

गेल्या रविवारी प्लंबर पुन्हा आला, या खेपेला पाना न घेता. त्याने फोनवर त्याच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग ऐकवलं. पखवाजापुढे बुवा ऐकू येत नाहीत, आणि बुवा वरच्या पट्टीत गेले की पखवाजवाला सोडा, मंदिराच्या बाहेरची कुत्रीही उठतात. "आमच्या बुवांना एक बसवून द्या," तो म्हणाला. मी सगळ्या अडचणी सांगितल्या. जोडी जुळवावी लागते, ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळून घ्यावा लागतो, आणि चालू केल्यावर व्हॉल्व्ह तापायलाच अर्धा तास जातो.

"जाऊ द्या की," तो म्हणाला, "तेवढ्यात हरिपाठ होतो."

याला नाही कसं म्हणणार? वाइंडिंगवाल्याकडे ट्रान्सफॉर्मर टाकलाय. आषाढीच्या आत देतो म्हणालाय. कुठल्या, ते मात्र त्याने सांगितलेलं नाही.