इजा करायचा हेतू नव्हता हो!

कुणाला टपली मारायची, पाठीत धपाटा घालायची हौस असेल, तर वरचं वाक्य आधी पाठ करा. त्यात सगळं माफ होतं. 1891 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या न्यायालयाला मात्र ते पटलं नाही. एका पोराने वर्गात दुसऱ्याच्या पायाला लाथ लावली. इतकी हलकी, की ज्याला लागली त्यालाही तेव्हा कळलं नाही. पण पाय आधीच दुखावलेला, तो कायमचा गेला. लाथ मुद्दाम मारलीस ना, मग पुढचं सगळं तुझ्या खात्यावर, असं ठरलं. खेळाच्या मैदानावर मारली असती तर गोष्ट वेगळी होती म्हणे. वर्ग भरला होता, तेच नडलं.

नुसतं अंगावर धावून जायचं असेल तर बिनधास्त जा, हात कुठे लावलाय? 1830 साली इंग्लंडमध्ये एक गृहस्थ सभेच्या अध्यक्षांवर मूठ आवळून असाच निघाला. लोकांनी मध्येच अडवला, तरी भरपाई द्यावी लागली. रक्कम 1 शिलिंग! इतक्या स्वस्तात कुणाला घाम फोडता येतो सांगा.

त्याहून स्वस्त युक्ती 1669 सालची. तलवारीच्या मुठीवर हात ठेवून म्हणायचं, "न्यायाधीश गावात नसते ना, तर हे ऐकून घेतलं नसतं!" ते गावात होते, म्हणजे धमकी तिथल्या तिथे रद्द. न्यायालयानेही तिला हल्ला मानलं नाही.

आता संमती. ती एकदा मिळाली की जन्मभर पुरते आणि अंगभर चालते, हे गृहीत धरा. 1905 च्या मिनेसोटातल्या एका डॉक्टरांनी तेच केलं. बाईंनी परवानगी दिली उजव्या कानाच्या शस्त्रक्रियेची. भूल दिल्यावर डॉक्टरांना डावा जास्त बिघडलेला दिसला, म्हणून शस्त्रक्रिया डाव्यावर केली. हेतू निखळ भल्याचा. तरी न्यायालय म्हणालं, विचारलं होतंत का? बाई तर बेशुद्ध, विचारणार कसं! इतका साधा मुद्दा कुणाला सुचला नाही.

बोटीवर लस टोचून घेऊन मग "माझी संमती नव्हती" म्हणणाऱ्या बाईंचा 1891 चा मॅसॅच्युसेट्सचा निकाल मात्र जपून ठेवा. त्यांच्या मनात काय होतं ते न्यायालयाने पाहिलं नाही, वागणं पाहिलं, आणि बोटीची कंपनी सुटली. निकाल दाखवताना एकच काळजी घ्या: बाईंनी स्वतःहून हात पुढे केला होता, त्या ओळीवर अंगठा ठेवा.