रागाचे वाक्प्रचार आणि घोकंपट्टी
सीताबर्डीवरील आमच्या इंग्रजीच्या शिकवणीत रागाचे वाक्प्रचार नुसती यादी देऊन पाठ करवून घेतात, याचा मला मनस्वी संताप येतो. ‘फ्लाय ऑफ द हँडल’ म्हणजे एकाएकी भडकणे, एवढेच फळ्यावर लिहिले जाते. परंतु दांड्यातून निसटून भिरकावल्या जाणाऱ्या कुऱ्हाडीच्या पात्यावरून तो प्रयोग आला, हे कोणी सांगत नाही, आणि सांगितले असते तर मी तो जन्मभर विसरलो नसतो. ‘पिस्ड’ हा शब्द अमेरिकेत संतापलेल्या, तर ब्रिटनमध्ये मद्यधुंद माणसासाठी वापरतात (आणि दोन्हीकडे तो असभ्यच), हा भेदही गाळला जातो. नागपूरच्या मे महिन्यात अनवाणी चाललेल्या मुलाला तळपायाची आग मस्तकात जाणे समजावून सांगावे लागत नाही. मग परक्या भाषेतील चित्रे आमच्यापासून का लपवता?