शिट्टी वाजली की मागे फिरायचं

गेल्या रविवारी सोसायटीत मॉक ड्रिल झालं. मी सेक्रेटरी (म्हणजे दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून), त्यामुळे पुढे पुढे करणं आलंच. अग्निशमन दलाच्या साहेबांनी सातव्या मजल्यावरचा होज बॉक्स, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या नळीची पेटी, उघडायला लावला. आत दोन झाडू, एक फुटका टब आणि कुणाचं तरी क्रिकेटचं पॅड. होज नाही. खाली पंप ऑटोवरून मॅन्युअलवर टाकलेला, कारण 'उगाच चालू होतो'. आणि माझ्या फाईलमध्ये आगीची यंत्रणा उत्तम चालू असल्याचा सही-शिक्क्यासह दाखला, म्हणजे बी फॉर्म! जानेवारी आणि जुलै, वर्षातून २ वेळा आम्ही तो न चुकता भरतो.

साहेब रागावले नाहीत. त्यांनी बीए सेट (धुरात श्वास घ्यायचा हवेचा सिलिंडर आणि मास्क) माझ्या पाठीवर चढवला, मास्क आवळला आणि म्हणाले, "सातव्यावर जाऊन या."

तिसऱ्यालाच माझा भाता झाला. स्वतःचा श्वास कानात इतका मोठा वाजतो की दुसरं काही ऐकू येत नाही. सिलिंडर ३०० बारला (बार म्हणजे दाबाचं माप) भरलेला, कागदावर पाऊण तासाची हवा. पण तो हिशोब मिनिटाला ४० लिटरचा. वजन घेऊन जिने चढणारा माणूस त्याच्या दुप्पट सहज ओढतो. काटा ५५ बारच्या आसपास आला की शिट्टी वाजते. मात्र तिची वाट बघत बसायचं नाही, परतीची हवा आधीच राखून ठेवायची, हे जवानाला घोटून शिकवतात. कोण किती वाजता, किती बारवर आत गेला हे फळ्यावर लिहिणारा एक जण बाहेर उभा असतो. त्याचा फोटो कधी पेपरात आलेला पाहिला नाही.

आता माझा मुद्दा. वर होज नसला की जवानाला तो खालून ओढत न्यावा लागतो. म्हणजे आमचा रिकामा डबा त्याच्या पाठीवरची हवा खातो. आग विझवायला लागण्याआधीच.

१४ एप्रिलला आपण अग्निशमन दिनाच्या पोस्टी टाकतो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजावर दारूगोळा आणि कापूस एकत्र भरलेला होता, आग लागली, स्फोट झाले आणि पाणी मारणारे ६६ जवान गेले. ते भरण्याचं ठरवणारे वेगळेच होते. २०१५ साली काळबादेवीच्या आगीत इमारत कोसळली आणि ४ अधिकारी गेले, त्यात दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर होते. 'शहीद' म्हटलं की कसं, पुढचं काही विचारावं लागत नाही! सामान कुणी भरलं, जिना कुणी अडवला, वगैरे. शिड्या, सेट, भरती यांवरून महापालिकेला जरूर धारेवर धरा, मीही धरतो. पण होज बॉक्स महापालिकेचा नाही, आपला आहे.

काल ग्रुपवर मेसेज टाकला: जिन्यातले चपलांचे रॅक, सायकली, कुंड्या रविवारपर्यंत हलवा. सत्तावीस अंगठे आले. आज सकाळी बघितलं तर पाचव्या मजल्यावर एक नवीन वॉशिंग मशीन उभं, खोक्यासकट. विचारलं तर म्हणे, "तात्पुरतं ठेवलंय हो काका."