अत्यावश्यक भडंग

आमच्या अण्णांना कुठलंही संकट फुटात मोजायची सवय आहे. जन्म सांगलीच्या नदीकाठच्या गावभागात गेला, त्याला इलाज नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा ते दर दोन तासांनी पाण्याचा आकडा कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत होते. शेवटी बोट दारात आली तर कॅलेंडर बगलेत मारून आधी तेच बसले. कपड्यांची पिशवी माळ्यावरच राहिली. पुढचे आठ दिवस पाव्हण्यांच्या घरी ते माझा लेंगा घालून पाणी उतरायची वाट बघत होते.

2021 च्या एप्रिलमध्ये त्याच खिळ्याला नवं कॅलेंडर होतं आणि त्याच्या मागे कोरोनाच्या पेशंटांचा रोजचा आकडा. संध्याकाळी बातम्या लागल्या की हाक यायची, "आज पातळी किती?"

"अण्णा, त्याला पातळी नसते. टक्केवारी असते."

"मग उपयोग काय? आयर्विनला 40 ला इशारा, 45 ला धोका. 45 झालं की सामान माळ्यावर टाकायचं, एवढं शेंबड्या पोराला कळतं. आता इथं माळ्यावर काय टाकू? तुला?"

त्याच कागदाच्या खालच्या अर्ध्यात सरकारचा हिशेब होता. मुंबईतलं तीन पक्षांचं सरकार कधी पडणार, ही अण्णांची खरी काळजी. ते पडावं असं त्यांना वाटत होतं की टिकावं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आपण झोपलेलो असताना पडू नये, एवढंच त्यांचं म्हणणं असावं. पाचच तारखेला गृहमंत्र्यांनी राजीनामा दिला होता, तेव्हापासून त्यांनी दुपारची झोप सोडली होती. त्यात फेब्रुवारीत आपल्या महापालिकेत बहुमत भाजपचं आणि महापौर राष्ट्रवादीचा, असा प्रकार झाल्यापासून त्यांचा कुठल्याच बेरजेवर विश्वास उरला नव्हता. हिनं ताटं वाढताना "बारा चपात्या आहेत" म्हटलं, तरी म्हणायचे, "दोन फुटतील. दहाच धर."

रविवारी, 2 मे ला, पंढरपूरच्या पोटनिवडणुकीचा निकाल होता. शेजारच्या जिल्ह्यातली एक जागा. पण अण्णांच्या मते सगळं तिथंच अडलं होतं. आणि निकाल म्हटलं की त्यांना टीव्हीपुढं भडंग लागतं. विकतचं नाही, घरचंच.

लॉकडाऊनमुळं किराणा सकाळी 7 ते 11. तेवढ्या वेळात काय आणायचं हे ही ठरवायची, कारण बाहेर जाऊन आलेल्या माणसाची आंघोळ, कपडे आणि पिशव्या हे सगळं खातं तिच्याकडं होतं. पिशव्या दारातच अडवल्या जायच्या. भाजी मिठाच्या पाण्यात, दुधाची पिशवी साबणाच्या पाण्यात. शिवाय वास जातो असं ऐकल्यापासून तिनं रोजची चाचणी सुरू केली होती. सकाळी उठल्या उठल्या तिघांच्या नाकाखाली ठेचलेल्या लसणाची एकेक पाकळी. "आला?" "आला." की पाकळी काढ्यात. एकदा सर्दीमुळं मला उत्तर द्यायला चार सेकंद लागले, तर तेवढ्यात माझी गादी माडीवर गेली होती.

शुक्रवारी मी निघालो तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. गणपती पेठेत दुकानाचं शटर अर्ध्यावर. दुकानदार आतून नुसता आवाज देत होता आणि शटरखालून हात येत होता. तीस वर्षं ज्याच्याकडून सामान घेतो त्या माणसाला मी हातावरच्या घड्याळावरून ओळखलं.

"भडंगाचे चिरमुरे एक किलो, शेंगदाणे अर्धा."

"मेहुणे आलेत काय?"

"न्हाई, निकाल हाय."

"पंढरपूरचा?" म्हणून तो अख्खाच शटरखालून बाहेर आला. मग दहा मिनिटं तिथंच गेली. मास्क हनुवटीवर घेऊन त्यानं मला मंगळवेढ्याची मतं समजावून सांगितली.

चौकात बॅरिकेड होतं. हवालदारानं काठी आडवी केली.

"काका, कुठनं?"

"किराणा. अत्यावश्यक."

त्यानं पिशवीत काठीचं टोक घातलं. एक किलो चिरमुरे म्हणजे पिशवी हीऽ एवढी फुगलेली, वजन काहीच नाही. त्यानं एकदा चिरमुऱ्यांकडं बघितलं, एकदा माझ्या पोटाकडं.

"हे अत्यावश्यक?"

आता ह्या प्रश्नाला सांगलीत खरं उत्तर एकच आहे आणि ते त्यालाही माहीत होतं, कारण तोही इथलाच असणार. पण तो ड्यूटीवर होता. घड्याळ दाखवून म्हणाला, "अकराला पाच कमी. विनाकारण फिरणाऱ्यांची टेस्ट हाय. तिकडं उभं ऱ्हावा."

तिकडं म्हणजे मांडवाखाली. जमावबंदीचं 144 कलम मोडल्याबद्दल पकडलेले एकोणीस जण आधीच एकमेकांना चिकटून उभे होते. मी विसावा. पुढं एकजण औषधाची चिठ्ठी हलवत होता. त्यावर तारीख 2018 ची. मागच्यानं कुत्र्याला आणलं होतं. कुत्र्याची टेस्ट नाही म्हटल्यावर, "मग त्याच्यासाठीच आलोय, मला सोडा," असा त्याचा मुद्दा. सगळ्यांचे चेहरे पडलेले. न राहवून मी म्हणालो, "पंढरपूरला काय हुईल?"

झालं. पाच मिनिटांत रांग मोडून गोल झाला. औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर मतांचं गणित मांडलं गेलं. महापौर निवडणुकीत कोण नॉट रिचेबल होता, फोन कुणाच्या बंगल्यावर लागला, हे पुन्हा एकदा निघालं. कुत्रं सोडून सगळ्यांना आतली बातमी होती. हवालदार आधी "अंतर ठेवा" म्हणून ओरडला, मग "त्यो कसला फुटतोय, त्याला काय मिळणार हाय?" म्हणत गोलात आला.

माझा नंबर आला तेव्हा मी एका वाक्याच्या मध्यावर होतो. आत शिरलेली ती काडी नाकात थांबली नाही. थेट लहानपणात गेली. डोळ्यांतून पाणी आलं, कान वाजला आणि मी ठेवायला विसरलेली चिरमुऱ्यांची पिशवी छातीशी इतकी आवळली की खालून फुटली. पायाशी पांढरा सडा. कुत्र्यानं लगेच अत्यावश्यक काय ते ठरवलं.

पंधरा मिनिटांनी निगेटिव्ह. माझ्यापेक्षा गोलातल्या लोकांना वाईट वाटलं, कारण चर्चा अर्धवट राहिली होती.

घरी पोचलो तर साडेअकरा होऊन गेलेले. ही दारात पाण्याची बादली घेऊन उभी. उरलेला पाऊण किलो माल तिनं लांबूनच बघितला. चिरमुरे साबणाच्या पाण्यात घालता येत नाहीत हे तिच्या लक्षात आलं असावं. पिशवी गच्चीवर उन्हात गेली, वर मच्छरदाणी. मी अंगणातच आंघोळ केली. अण्णांनी कॅलेंडर उलटं करून आजच्या आकड्यापुढं लिहिलं : चि. – निगेटिव्ह.

"लाइनीत काय म्हणत होते?"

"नाकातून मेंदूपर्यंत जातं म्हणत होते."

"ते नव्हे रे. सरकार!"

मी ऐकलेलं सगळं सांगितलं. हवालदाराचं मत त्यांनी दोनदा विचारून खाली लिहून घेतलं. तेवढ्यात आतून आवाज आला.

"अहो, भडंगाला लसूण कुठाय?"

"घरात होता की. या महिन्यातच पाव किलो आणला."

ती काही बोलली नाही. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, मी काढ्याच्या पातेल्याकडं. भडंगाला लागणारा सगळा लसूण आम्ही तिघांनी मिळून हुंगला होता.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "उद्या सातलाच जा," ते म्हणाले, "आणि दुसऱ्या चौकातनं ये. तिथले काय म्हणतात तेही कळू दे."