भरपगारी बाळंतपणाची रजा: पैसे कोणी मोजायचे?

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, "माझ्याकडे अकरा माणसं आहेत. त्यातली एक सहा महिने घरी बसणार, तिला पगार द्या आणि तिच्या जागी बदली माणूस ठेवून त्यालाही द्या. मूल तिचं, निर्णय तिचा, भुर्दंड मला. असले कायदे करा आणि मग बघा, बायकांना कोण नोकरी देतं ते."

भुर्दंडाचं गाऱ्हाणं मला मान्य आहे. दर महिन्याला अकरा पगारांची जुळवाजुळव करणाऱ्याला बारावा जड जाणारच. पण म्हणून रजाच नको, हे मला पटत नाही. खोट आहे ती सगळा खर्च एकट्या मालकाच्या गळ्यात बांधण्यात.

हे शहाणपण शंभर वर्षांपूर्वीच सुचलेलं होतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना १९१९ साली स्थापन झाली आणि त्याच वर्षी तिने बाळंतपणाच्या रजेचा करार मंजूर केला. त्यात रजेतला भत्ता सरकारी तिजोरीतून किंवा विम्यातून द्यावा असं म्हटलं होतं. २००० सालच्या करारात किमान १४ आठवडे रजा आणि आधीच्या कमाईच्या किमान दोन तृतीयांश भत्ता आला. तोही भार, काही अपवाद सोडले तर, एकट्या मालकावर टाकू नये असं त्यात स्पष्ट आहे.

तुमची भीती जर्मनीत थेट घटनात्मक न्यायालयापर्यंत गेली. तिथे रजेच्या पगाराचा काही वाटा मालक देत, आणि तो परत मिळण्याची सोय फक्त छोट्या आस्थापनांना होती. अशा नियमामुळे बायकांना कामावर घेताना मालक हात आखडता घेतील, असं न्यायालयाने २००३ मध्ये म्हटलं. २००६ पासून तिथे लहानमोठे सगळे मालक पगाराच्या प्रमाणात थोडी वर्गणी भरतात. ज्यांच्याकडे एकही बाई नाही, तेसुद्धा. कोणी रजेवर गेली की तिच्या मालकाला त्यातून पैसे परत मिळतात. मग तुमच्या अकरा जणांत बायका किती, याने तुमच्या खिशाला फरकच पडत नाही. मागायचं तर हे मागा, मीही तुमच्याबरोबर मागेन.

आता तुमचा "घरी बसणार" हा शब्द. तो मला लागला. माझी रजा संपली तेव्हा मुलगी दहा आठवड्यांची होती. ऑफिसात अडगळीची एक खोली होती, तिच्या दाराला कडी नव्हती. मी दाराला पाठ लावून उभ्या उभ्या दूध काढायचे आणि ठेवायला जागा नाही म्हणून बेसिनमध्ये ओतून द्यायचे. दुपारच्या मीटिंगमध्ये पान्हा दाटून आला की फाइल छातीशी धरून बसायचे. तिकडे घरी लेकरू भुकेलं. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते कसं द्यायचं? बाळंतिणीचं शरीर सावरायलाच पहिले सहा आठवडे जातात, आणि त्यातही रात्रीची सलग झोप नसते. याला घरी बसणं म्हणू नका.

बदली माणसाबद्दल एक सांगते. कोणाचा पाय मोडला तर तो आदल्या दिवशी कळवत नाही. बाळंतपणाची रजा मात्र कितीतरी महिने आधी माहीत असते. काम कोणाला शिकवायचं, काय आधी उरकायचं, सगळं ठरवता येतं. फक्त तिने वेळेवर सांगायला हवं. मी सहावा महिना लागेपर्यंत सैल कपडे घालून गप्प राहिले होते, कारण आमच्याकडेही साहेब येताजाता म्हणायचे, बायकांना कोण नोकरी देतं ते बघू.