अरे देवा, टोगा!

इंग्लंडमधल्या चेस्टर गावाचं रोमन नाव 'देवा'. टोगा, म्हणजे रोमन नागरिकांचं अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र, नेसायला लागल्यापासून मी ते दिवसातून चाळीसदा घेतो.

इथे रोमन वेशात मिरवणाऱ्या एका मंडळात मी शिरलो. प्रत्येकाला इथल्या विसाव्या लीजनचा, म्हणजे रोमन पलटणीचा, शिपाई व्हायचं असतं. मला चिलखत पेलवणार नाही हे मंडळाने एका नजरेत ओळखलं आणि मला नागरिक केलं. अट एकच, शिवण हाताची. आमचे एक ज्येष्ठ सभासद काठ उलटून टाके तपासतात. मशीनची टीप दिसली की माणूस वाळीत. ट्युनिक, म्हणजे टोग्याच्या आतला अंगरखा: लोकरीचे दोन चौकोन जोडायचे, बस्स. मला अडीच महिने लागले. वरचे दोन उभे पट्टे मॅडरमध्ये, म्हणजे आपल्या मंजिष्ठेच्या भावंडात रंगवले. त्यानंतर त्या पातेल्यात केलेलं वरणही गुलाबी झालं.

टोगा मात्र सोपा वाटला होता. साडेपाच मीटर लांब, जवळजवळ अर्धवर्तुळाकार लोकर. माझी आजी नऊवार नेसून विहिरीचं पाणी शेंदायची, तिच्या नातवाला एवढं जमू नये? पण नऊवारीला काष्टा आहे, ओचा आहे. टोगा कुठेच खोचत नाहीत, पिनही नाही. डावा खांदा, पाठ, उजव्या काखेखालून पुन्हा डावा खांदा, आणि सगळा डोलारा डाव्या हाताच्या भरवशावर. छातीशी कापड ओढून एक फुगा काढतात, त्याला उंबो म्हणतात. माझा उंबो पोटावर उतरतो.

आईला व्हिडिओ कॉल लावला.

"अरे, खोच ना कमरेला!"

"आई, रोमन खोचत नसत."

"मग साम्राज्य टिकलं कसं त्यांचं?"

पहिला रोमन सम्राट ऑगस्टस, त्याला फोरममध्ये, म्हणजे रोमच्या मुख्य चौकात, टोग्याची सक्ती करावी लागली होती. म्हणजे खुद्द रोमनही टाळत होते! हे वाचून इतका धीर मला दुसऱ्या कशानेच आला नाही.

परवाच्या कार्यक्रमात पाऊस आला. भिजलेली लोकर म्हणजे अंगावर ओली मेंढी. त्यात शाळेच्या सहलीतल्या एका पोराने विचारलं, "रोमन आत काय घालायचे?" मी खुललो. उत्तर इंग्लंडमधल्या विंडोलँडा या रोमन किल्ल्यात सुमारे १९०० वर्षांपूर्वीचं लाकडी पातळ फळीवरचं पत्र सापडलंय. कुणीतरी कुणालातरी मोजे, सपाता आणि दोन चड्ड्या पाठवल्यात.

"तुम्ही घातलीय?"

"म्हणजे काय!" म्हणत मी, सवयीने, दोन्ही हात उडवले.